आरशातला अंगठा

आमच्या मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, सगळा बाजार 'पारा' या नावाने ओळखतो. विचाराल तर शेजारचे दुकानदार सांगतील, की त्यांचे आजोबा पाऱ्याचे आरसे करायचे म्हणून. ते खरंच आहे. पण आणखी एक कारण आहे आणि ते त्यांच्या तोंडावर कुणी सांगत नाही. चौऱ्याहत्तरीतही त्यांचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. एखाद्याने आरशाच्या काचेवर बोट टेकवून "हा केवढ्याला?" असं विचारलं, की संपलं. "किंमत तोंडाने विचारा, बोटाने कशाला विचारता?" असं म्हणून ते आत निघून जातात आणि गिऱ्हाइकाची समजूत काढायचं काम आमच्या ह्यांच्या गळ्यात पडतं.

दुकानाचे दोन भाग आहेत. पुढच्या भागात आमचे हे कारखान्यातून आलेले तयार आरसे विकतात, काच कापून देतात, चौकटी बसवतात. मीही तिथेच असते. मागे एक दार आहे आणि दारापलीकडे मामंजींची खोली. डाग पडलेले, कडेने काळवंडलेले जुने आरसे त्या दारातून आत जातात आणि चारपाच दिवसांनी लख्ख होऊन बाहेर येतात. आत अमोनियाचा वास असा, की पहिल्या दिवशी मी बाहेर आले तेव्हा मी रडतेय असं समजून सासूबाईंनी मला जवळ घेतलं होतं.

आरसेवाल्याचं घर, पण आमच्या घरात धड आरसा नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, भिंतीभिंतीवर आपलं रूप बघत फिरता येईल. मिळाला तो एका कोपऱ्याने उडालेला, गिऱ्हाइकाने नाकारलेला, आणि त्यात माझी हनुवटी कधीच पूर्ण दिसली नाही. मी कुरकुर केली तर मामंजी म्हणाले, "सूनबाई, आरसा घेणारा माणूस आरसा बघतच नाही. तो स्वतःला बघतो. आरसा फक्त मी बघतो."

आणि ते खरं होतं. आरशासमोर उभं राहून केसांवरून हात न फिरवणारा तो एकच माणूस मी पाहिला आहे. त्यांना आरशात स्वतःचं तोंड दिसतच नसे. दिसायचे ते डाग, ओरखडे, बुडबुडे, दुसऱ्या कुणाचा तरी हलगर्जीपणा.

रिकामे असले, की ते आरशाची वंशावळ सांगायचे. आधी पाणी, मग घासलेला काळा दगड, मग घासलेलं तांबं आणि कासं, मग पारा, मग चांदी. "माणसाने इतकं सगळं बदललं," ते म्हणायचे, "तोंड मात्र तेच ठेवलं." आजोबा दगडी ओट्यावर कथिलाचा पातळ पत्रा पसरायचे, त्यावर पारा ओतायचे, वरून काच सरकवायचे आणि वजनं ठेवून तीन आठवडे थांबायचे. पाऱ्याच्या वाफेने पन्नाशीच्या आत त्यांचे दात गेले आणि हात असे थरथरायला लागले, की चहा पिताना निम्मा बशीत सांडे. चांदीचं पाणी, म्हणजे काचेवर चांदी चढवणारं द्रावण, घरात आलं ते वडिलांच्या काळात. त्यामुळे मामंजींचे दात अजून शाबूत आहेत आणि ते वेळोवेळी कडक काहीतरी खाऊन दाखवतात.

एकदा त्यांनी सांगितलं, की पूर्वी कुठल्याशा बेटावर आरसेवाल्यांना ठेवलं होतं. विद्या बाहेर जाऊ नये म्हणून त्यांना बेट सोडायची बंदी होती. सासूबाई तिथेच बसून कसलीशी शेंग सोलत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "आणि त्यांच्या बायका?"

"त्यांचं कुठे काही लिहिलेलं नाही," मामंजी म्हणाले.

"वाटलंच," सासूबाई म्हणाल्या.

या प्रश्नामागे काय होतं ते कळायला मला दोन वर्षं लागली. ती हकीकत मला आमच्या ह्यांनी सांगितली. तेव्हा हे पंधरा वर्षांचे होते.

ती सांगायची तर काम कसं चालतं तेही सांगायला हवं. चांदीचं पाणी ओतायला पाच मिनिटं लागतात. खरं काम त्याच्या आधीचं, काच धुण्याचं. तांबड्या पावडरीने घासायची, साध्या पाण्याने धुवायची, मग डिस्टिल्ड पाण्याने धुवायची, मग कथिलाचं पाणी फिरवायचं आणि परत धुवायची. काच स्वच्छ झाली का, हे डोळ्यांनी कळत नाही. काच तिरकी धरून वरून पाणी सोडायचं. पाणी चादरीसारखं सलग उतरलं तर काच स्वच्छ. कुठे बारीकसा तेलकटपणा राहिला असेल तर तिथे पाणी तुटतं आणि कोरडं बेट तयार होतं. पाणी तुटलं, की पुन्हा पहिल्यापासून. आणि एकदा धुतलेल्या काचेला फक्त कडेने धरायचं. तेव्हा हातमोजे वगैरे काही नव्हतं. वरच्या बाजूला एक बोट लागलं तर त्या दिवशी काही दिसत नाही, चांदी छान बसते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. बोट उमटतं ते सहा महिन्यांनी, वर्षाने. बोटाची चरबी चांदीला आतल्या आत खात राहते.

त्यामुळे आमच्या घरात सगळे सगळ्या वस्तू कडेने धरतात. ताट कडेने, फोटो कडेने, वर्तमानपत्रसुद्धा कडेने. माझ्या माहेरची माणसं हसतात. आता माझाही हात तसाच जातो.

तर काच धुण्याचं काम सासूबाईंचं होतं, पुढचं सगळं मामंजींचं. विसाव्या वर्षी लग्न होऊन आल्या आणि पुढची सतरा वर्षं त्यांनी काचा धुतल्या. पाणी कुठे तुटणार हे त्यांना आधीच दिसायचं म्हणे. मामंजी बाजारात फुशारकी मारायचे, की माझ्या आरशात डाग दाखवा आणि आरसा फुकट न्या. ती फुशारकी अर्धी सासूबाईंच्या जिवावर होती, पण हे काही ते बोलले नाहीत.

मग न्हाव्याचा आरसा आला. चौकातल्या सलूनसाठी दोन हात लांबीची, जाड, कडेला पैलू पाडलेली काच. न्हावी रोज येऊन उभा राहायचा, त्यामुळे शेवटी सगळी घाईच झाली. आरसा लागला, बाजाराने वाहवा केली. आठ महिन्यांनी मामंजी दाढीला गेले, तर न्हाव्याने खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या बाटल्या बाजूला सारल्या आणि भरल्या दुकानात म्हणाला, "पाराशेठ, तुमच्या आरशाने अंगठा उठवलाय बघा. सही करता येत नाही वाटतं त्याला!"

सगळं दुकान हसलं. पिवळट ठिपका होता, अंगठ्याएवढा.

मामंजी अर्ध्या दाढीने घरी आले. सासूबाई मागच्या खोलीत काच धुवत होत्या. "उद्यापासून या खोलीत पाऊल टाकायचं नाही," ते म्हणाले. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "पण पाणी तुटलं नव्हतं हो."

"मग काय काचेने आपणहून अंगठा उठवला?"

सासूबाईंनी हात पुसले आणि बाहेर आल्या. त्या दिवसापासून मामंजींनी न्हावी बदलला. सासूबाईंनी तो डाग कधी पाहिलाच नाही, कारण ते पुरुषांचं सलून, बायका तिथे जाणार कशाला? ज्याने डाग पाहिला त्याने परत बघितला नाही, आणि जिच्यावर खापर फुटलं तिला तो बघायलाच मिळाला नाही. अशी एकतीस वर्षं गेली.

मामंजी पुढे एकटेच काचा धुवू लागले. काम चांगलंच करायचे, पण महिन्यातून दोनचार काचा पुन्हा धुवाव्या लागत, आणि मग दिवसभर भांडी आपटल्याचा आवाज यायचा. सासूबाई पुढच्या दुकानात बसायच्या, चौकटी पुसायच्या. बोलायला गोड, हसायला तयार. फक्त एक सवय मला विचित्र वाटायची. स्टीलचं झाकण घासून लख्ख केलं, की त्या त्यावर हळूच अंगठा टेकवायच्या, झाकण उजेडात धरून बघायच्या आणि मग पुसून टाकायच्या. मला वाटायचं, मी नीट घासलंय की नाही ते तपासतायत. सासू म्हटल्यावर आणखी काय वाटणार? मी मनातल्या मनात फणफणायची आणि दुसरं झाकण आणखी जोरात घासायची.

गेल्या वर्षी न्हाव्याची मुलगी दुकानात आली. सलून आता ती चालवते, बायकांचंही आणि पुरुषांचंही. तिने आणि तिच्या माणसाने तो आरसा चादरीत गुंडाळून आणला होता. "बाबा म्हणतात, दुकान सगळं बदल, पण हा आरसा टाकू नकोस. अशी काच आता मिळत नाही. याला परत चकाकी द्या. शुक्रवारी उद्घाटन आहे."

सासूबाई तेव्हा बहिणीकडे गेल्या होत्या, बुधवारी यायच्या होत्या. सोमवारी दुपारी मी आणि मामंजींनी मिळून आरसा चौकटीतून काढला. पाठीवरचा रंग आणि त्याखालची जुनी चांदी काढून काच कोरी करायची, हे पहिलं काम. रंग उतरवायचं द्रावण तयार होतं, अ‍ॅसिडची बाटली तयार होती. मामंजींनी सवयीने चष्मा लावून काच पुढच्या बाजूने एकदा तपासली आणि खालच्या कोपऱ्याशी थांबले.

ठिपका आता पिवळट राहिला नव्हता. एकतीस वर्षांत रेघ न् रेघ काळी होऊन उमटली होती, एखाद्या कागदावर उमटावी तशी. आणि त्या रेघांमधून एक कोरी तिरकी चीर गेली होती, नखाच्या बाजूपासून खाली उजवीकडे.

मामंजींनी भिंग आणलं. बराच वेळ बघत राहिले. मग डावा हात वर केला आणि अंगठा त्या डागाच्या शेजारी धरला. काचेच्या मागे टेकलेला अंगठा समोरून बघितला, की आपला अंगठा डोळ्यांपुढे धरल्यासारखाच दिसतो. मामंजींच्या डाव्या अंगठ्यावर जखमेचा वण आहे. तरुणपणी काच कापताना तो फाटला होता. वण तिरका आहे, नखाच्या बाजूपासून खाली उजवीकडे.

हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात. इथे आरसाच हातात येऊन बसला होता.

सासूबाईंनी धुतली तेव्हा पाणी तुटलं नव्हतं. धुतलेली काच उचलून टेबलावर ठेवली ती मामंजींनी. घाईत हात सरकला असणार. साधी गोष्ट. बसून विचार केला असता तर त्याच दिवशी कळली असती.

मामंजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू काही पाहिलं नाहीस."

"पाहिलं," मी म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं मला माहेरी म्हणायचे ते उगाच नाही.

अ‍ॅसिडची बाटली टेबलावर होती. दोन मिनिटांचं काम. डाग काय, सगळा आरसाच काचेवरून निघून गेला असता. शुक्रवारी न्हाव्याची मुलगी लख्ख आरसा घेऊन गेली असती आणि जगात कुणाला काही कळलं नसतं. मी बोलले असते तरी पुरावा काय? मला फार राग आला होता. सतरा वर्षं जिने राबून तुमचं नाव राखलं, तिला एका ठिपक्यापायी दाराबाहेर काढलंत आणि आता म्हणताय पाहिलं नाहीस? हे सगळं ओठांवर आलं होतं. पण त्यांचा तो अंगठा अजून हवेतच होता, डागाशेजारी धरलेला. म्हणून मी मूग गिळून बाहेर आले.

त्या दिवशी त्यांनी अ‍ॅसिड ओतलं नाही. मंगळवारीही नाही. बाटलीचं झाकण उघडायचे, लावायचे. दुपारी ह्यांनी विचारलं, "बाबा, काम कुठपर्यंत आलंय?" तर म्हणाले, "तुझं तू बघ." जेवताना एक घास हातात घेऊन बसून राहिले. दात दाखवायचे विसरले. आमच्या ह्यांना वाटलं, प्रकृती बिघडली. मला माहीत होतं काय बिघडलंय, आणि बुधवार जवळ येत होता.

बुधवारी अकरा वाजता सासूबाई आल्या. बहिणीकडच्या गप्पा सांगत स्वयंपाकघरात पिशव्या रिकाम्या करत होत्या. एवढ्यात मामंजी दारात आले. दोन हात लांबीचा तो आरसा त्यांनी एकट्याने, कडेने धरून, दुकानातून घरात आणला होता. घामाने निथळत होते. आरसा त्यांनी ओट्यावर भिंतीला टेकवून ठेवला, खालचा कोपरा सासूबाईंसमोर येईल असा.

"हे काय?" सासूबाई म्हणाल्या.

"न्हाव्याचा आरसा."

सासूबाईंच्या हातातली पिशवी तशीच राहिली. मामंजींनी डावा अंगठा डागाशेजारी धरला. ते म्हणाले, "माझा आहे. तुझा नाही. माझाच होता."

सासूबाईंनी चष्मा शोधला. वाकून डाग बघितला, मग अंगठा बघितला, मग परत डाग बघितला. मला वाटलं आता रडतील, नाहीतर चांगलं सुनावतील. मला तर वाटत होतं सुनावावंच. पण त्या ओट्याला हात टेकून उभ्या राहिल्या आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "मी रोज झाकणावर उठवून बघायची हो. वाटायचं, असाच असेल का? इतकी वर्षं बघून बघून मलाच खात्री झाली होती, की माझाच."

मी सिंकच्या बाजूला वळले. अठरा वर्षं त्या झाकणांवरून मी या बाईला मनात नावं ठेवली होती. माझेही डोळे भरले, आणि या वेळी अमोनियाचा संबंध नव्हता.

मामंजी खाली बसले. "हा आरसा मी परत देणार नाही," ते म्हणाले. "न्हाव्याला नवी काच देतो. हा इथे लावतो, या भिंतीवर. रोज मला दिसू दे."

"आणि मी काय त्याची पूजा करू?" सासूबाईंचा आवाज आता वर चढला, आणि मला बरं वाटलं. "एकतीस वर्षं डोक्यात घेऊन फिरले, तेवढं पुरे नाही का? आता भिंतीवर पण हवाय? त्या पोरीचं शुक्रवारी उद्घाटन आहे. उचला तो. अ‍ॅसिड घाला त्याच्यावर."

"काच धुवायला..." मामंजी अडखळले. "म्हणजे, तू येशील का?"

सासूबाईंनी नळाखाली कोपरापर्यंत हात धुवायला सुरुवात केली. साबण, पाणी, परत साबण. बांगड्या काढून खिडकीत ठेवल्या.

दुपारी मामंजींनी काच कोरी करून दिली. अंगठा अ‍ॅसिडमध्ये दोन क्षण काळा दिसला आणि गेला. मग सासूबाई मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी आल्या. एकतीस वर्षांनी. नाक वर करून त्यांनी वास घेतला, टेबलावरची भांडी बघितली आणि "किती पसारा हा" म्हणाल्या.

मामंजी त्यांच्या मागोमाग आत येऊ लागले. सासूबाई वळल्या.

"तुम्ही दाराबाहेर थांबा. तुमचा हात लागतो."

माझ्या डोळ्यांदेखत पाराशेठ दोन पावलं मागे सरकले. पारा चढला नाही, उतरलाही नाही. ते आपले दाराबाहेर उभे राहिले.

"सूनबाई, हात दाखव," सासूबाई म्हणाल्या. मी दोन्ही हात पुढे केले. त्यांनी उलटेपालटे करून बघितले आणि मला परत धुवायला पाठवलं. हातमोजे पुढे केले तर म्हणाल्या, "नकोत, घसरतात." मग त्यांनी काच घासली. अडुसष्टाव्या वर्षी मनगटं दुखत असणार, पण पावडर गोल गोल फिरत राहिली. धुतली, परत धुतली. तिरकी धरायला मी मदत केली. पाणी वरून सोडलं आणि ते एका सलग चादरीत खाली आलं. मी कधी इतकं गुळगुळीत उतरताना पाहिलं नव्हतं.

"तुटलं का?" बाहेरून मामंजींचा आवाज आला.

"नाही तुटलं," सासूबाई म्हणाल्या.

आम्ही दोघींनी काच कडेने उचलून टेबलावर ठेवली. चांदीचं पाणी मामंजींनी आधीच कालवून ठेवलं होतं, साखरेचं वेगळं, कारण दोन्ही मिसळली की चांदी लगेच बसायला लागते. सासूबाईंनी दोन्ही एकत्र केलं आणि एका कोपऱ्यातून ओतलं. पाणी आधी तपकिरी झालं, मग गढूळ, मग काळं. मला वाटलं, बिघडलं. सासूबाई हलल्या नाहीत. हळूहळू त्या काळ्यातून खालून उजेड वर यायला लागला, आणि आधी छत दिसलं, मग दिवा, मग सासूबाईंचा वाकलेला चेहरा. त्या स्वतःकडे बघत होत्या, डागाकडे नाही. तिथे डाग नव्हताच.

"आलं का?" मामंजींनी परत विचारलं.

थोडा वेळ सासूबाईंनी त्यांना तसंच उभं ठेवलं, आणि ते त्यांनी मुद्दाम केलं हे मी शपथेवर सांगेन.

"आलं," मग त्या म्हणाल्या. "या बघायला. पण हात मागे बांधून."

मामंजी हात पाठीमागे बांधून आत आले.